माणकाठची नजर : दृश्यकलेच्या निर्मितिप्रक्रियेची प्रस्तावना

सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी भरतो. खिल्लार खोंड घ्यायला आलेला जाणता शेतकरी दराचं बोलणं काढण्याआधी जनावराभोवती एक फेरी मारतो. कपाळ, डोळ्यांच्या कडा, पाठीची रेघ, खुरांचा काळेपणा, शेपटीचा गोंडा हे तो चालता चालता पाहून घेतो. शिंगांशी मात्र थांबतो. ती बुडाशी जवळजवळ निघाली आहेत का, आधी मागं झुकून मग वर वळताना दोन्हींचा बाक एकसारखा आहे का, टोकं आत येतात की बाहेर पडतात, हे तो समोरून पाहतो, बाजूनं पाहतो, मग चार पावलं मागं सरून पुन्हा पाहतो. त्या बाकावर दोन जनावरांच्या किमतीत चांगलंच अंतर पडतं. हाच माणूस बेंदूर आला की बैलाची शिंगं साळायला बसतो, त्यांना हिंगूळ लावतो, टोकांवर पितळी शेंब्या चढवतो, अंगावर गेरूचे ठसे उठवतो. ठसा कुठे पडला म्हणजे बैल भरदार दिसतो, हे तो लहानपणी बापाच्या हाताकडे बघत शिकलेला असतो.

या माणसाला कुणी चित्रकार म्हणत नाही आणि तोही स्वतःला म्हणवून घेणार नाही. तरी दृश्यकलावंताला काय सुचतं, कसं सुचतं आणि सुचलेलं हातातून कसं उतरतं, या विषयाच्या दाराशी आलेल्या वाचकाला मी आधी त्याच्या शेजारी उभं करेन. या अभ्यासातून मला पटलेली मुख्य गोष्ट त्याच्यापाशी उघड दिसते. कलावंताची प्रेरणा त्याच्या पाहण्याच्या सवयीत साठत जाते, आणि ही सवय गाव, हातातलं साधन, पोटाचा धंदा व काम मागणारा माणूस या चौघांनी मिळून घडवलेली असते. पुढे जे काही सांगायचं आहे ते या एका वाक्याचाच विस्तार आहे.

चित्र ‘वरून येतं’, ती ‘देवाची देणगी’ असते, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. त्यात कौतुक असतं, पण त्या कौतुकानं प्रश्न तिथेच मिटतो. दहाव्या शतकाच्या सुमारास ‘काव्यमीमांसा’ लिहिणाऱ्या राजशेखरानं तो मिटू दिला नव्हता. त्यानं प्रतिभेचे दोन प्रकार केले : निर्माण करणारी कारयित्री आणि आस्वाद घेणारी भावयित्री. पाहणाऱ्याच्या ठायीही प्रतिभा लागते, हे त्यानं स्पष्ट मांडलं. या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला मोठा धीर देणारी ही गोष्ट आहे, कारण स्वतःला सरळ रेघ ओढता येत नसली तरी कलानिर्मितीचा अभ्यास करण्याचा हक्क तिनं आपल्याला दिला. ‘विष्णुधर्मोत्तर’ पुराणातल्या वज्र राजाला मूर्ती घडवायला शिकायचं होतं, तेव्हा मार्कंडेय मुनींनी त्याला आधी चित्र, त्यासाठी नृत्य, त्यासाठी वाद्य आणि त्यासाठी गाणं शिकायला सांगितलं. इंग्लंडमध्ये ग्रॅहम वॉलस यानं 1926 साली सर्जनाचे चार टप्पे मांडले : तयारी, मनात मुरणं, अचानक उजाडणं आणि मग पडताळून पाहणं. ही मांडणी आजही शिकवली जाते आणि ती उपयोगी आहे. माझी तक्रार एवढीच, की तिच्यात हात कुठेच नाही. चित्रकाराचं पुष्कळसं ‘उजाडणं’ डोक्यात होण्याआधी कुंचल्याच्या टोकाशी, रंग अनपेक्षित जागी ओघळल्यावर होतं.

म्हणून या विषयाचे पुरावे शोधायचे ते मोठ्या वचनांत शोधू नयेत. स्केचबुकं, अर्धवट सोडलेली चित्रं, खोडलेल्या रेघा, रोजनिशा, पत्रं, कोणता रंग कुठून आला याच्या नोंदी, एकाच विषयाची दहावी-बारावी आवृत्ती, हे आपलं साहित्य. मराठी वाचक यात सुदैवी आहे. प्रभाकर बरवे यांनी 1990 साली ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक दिलं. एका आधुनिक चित्रकारानं आपल्या भाषेत, आपल्याच कामाकडे इतक्या शांतपणे पाहिलेलं दुसरं पुस्तक पटकन सांगता येत नाही. बरवे आयुष्यभर रोजनिशा लिहीत. पान, घड्याळ, शिंपला, किल्ली, सेफ्टी पिन अशा साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत पुन्हापुन्हा येतात, आणि त्या रोजनिशांत हेच आकार शब्दांशेजारी छोट्या रेखाटनांत घोळवलेले दिसतात. वस्तू, तिच्याभोवतीचा रिकामा अवकाश आणि दोन वस्तूंमधलं नातं यांचा विचार हा माणूस वर्षानुवर्षं करत राहिला. प्रेरणा ही एका दुपारची घटना नसते, याला याहून चांगला दाखला नको.

आता आठवणीकडे येऊ. हे प्रकरण मला सर्वांत जवळचं आहे आणि त्याचा धागा आपल्या प्रत्येकाच्या शाळेत अडकलेला आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या कुणालाही ‘स्मरणचित्र’ हा पेपर आठवत असेल. बाजार, पाणवठा, बसस्थानक, जत्रा असा विषय यायचा आणि समोर काही न ठेवता चित्र काढायचं. बहुतेक कागदांवर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नारळाचं झाड उतरतं. या कोरड्या माणदेशात नारळ किती, हे सर्वांना ठाऊक आहे. ते झाड दुसऱ्या चित्रातून आलेलं असतं. पण गठ्ठ्यात एखादा कागद वेगळा निघतो. त्यात शेळी नीट जमलेली नसते, पाय आखूड असतात. पण तिच्या गळ्यातल्या दाव्याचे दोन वेढे पोराच्या मनगटाला बसलेले असतात आणि दावं ताणलेलं असतं. ज्यानं शेळी बाजारात धरून ठेवली आहे त्यालाच ते वेढे आठवतात. परीक्षेत त्याला कोणती श्रेणी मिळते ते सोडा. निर्मितिप्रक्रियेचा अभ्यासक त्या वेढ्यापाशी थांबतो, कारण शरीरानं जे अनुभवलं ते स्मरणात टिकलं आणि डोळ्यानं उसनं घेतलेलं बाजूला पडलं, हा फरक तिथे स्पष्ट दिसतो.

सांगोल्याहून पंढरपूर तीसेक किलोमीटरवर. चित्रकार मकबूल फिदा हुसेन 1915 साली तिथे जन्मले. ते दीड-दोन वर्षांचे असताना आई, झैनब, गेली. तिचं छायाचित्र नव्हतं आणि चेहरा आठवत नव्हता, हे हुसेन यांनी आयुष्यभर अनेकदा सांगितलं. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि कुटुंब इंदूरला गेलं. पुढे त्यांनी मदर तेरेसांची जी चित्रमालिका केली तिच्यात निळ्या काठांची पांढरी साडी आहे, मांडीवर मूल आहे, हात आहेत. चेहऱ्याच्या जागी मात्र पोकळी आहे. ही पोकळी त्यांनी स्वतःच आईच्या न आठवणाऱ्या चेहऱ्याशी जोडली होती.

अभ्यासकानं इथे जरा सावध व्हावं. आईवेगळ्या बालपणात चित्रकलेचं कारण सापडलं असं वाटायला फार वेळ लागत नाही. त्यातच डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचंही आठवतं : त्यांचीही आई लहानपणीच गेली, त्यानंतर ते बराच काळ बोलेनासे झाले आणि मातीत रेघा ओढून आपलं म्हणणं सांगू लागले. दोन उदाहरणं जुळली की सिद्धान्त मांडायला मन धावतं. पण आई लहानपणी गेलेली लाखो माणसं या प्रांतात झाली आणि त्यांच्यातले फार थोडे चित्रकार झाले. दुःख सर्वांना मिळतं. ते कोणत्या साधनात, कोणत्या परंपरेत आणि कुणाच्या मागणीवरून उतरतं, हा खरा अभ्यासाचा भाग आहे. म्हसे यांच्या आसपास लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठानं लिहिणाऱ्या सवाष्णी होत्या. हुसेन यांनी बडोद्यात अरबी सुलेखनाचे धडे घेतले होते आणि मुंबईत सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवली होती. त्यांच्या रेघेत एका झटक्यात पुरं होणारं जे बळ आहे ते सुलेखनाचं आणि फलकांवर पसरलेल्या हाताचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. 1948 साली दिल्लीत आजच्या राष्ट्रपती भवनात भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. चित्रकार सूझा यांच्याबरोबर ते पाहायला गेलेल्या हुसेन यांना तिथे गुप्तकाळातल्या मूर्तींची घडण आणि बसोली लघुचित्रांचे तापलेले रंग भेटले. आठवण लहानपणची होती, पण ती कॅनव्हासवर आणणारं व्याकरण त्यांना तिशी उलटल्यावर सापडलं.

त्यांच्या घोड्यांबद्दलही असंच. पंढरीच्या वाटेवर पालखीच्या रिंगणात धावणारा अश्व ज्यानं पाहिला आहे, त्याला हुसेन यांचा घोडा तिथूनच आला असं म्हणायचा मोह होतो. मलाही झाला. पण त्यांनी स्वतः सांगितलं ते मोहरमच्या मिरवणुकीतल्या घोड्याबद्दल आणि 1952 साली चीनमध्ये पाहिलेल्या जुन्या घोड्यांबद्दल. कलावंत सांगतो ते सगळं खरंच असतं असं नाही, आठवणही स्वतःला रंगवून घेते. तरी त्याच्या सांगण्यावर आपल्या गावाचा अभिमान चढवणं ही या विषयातली पहिली चूक होय.

गावाचा परिणाम नाकारण्याचं मात्र कारण नाही. माण नदी सांगोला तालुक्यातून वाहत पुढे भीमेला मिळते. वाहते म्हणायची ती पावसाळ्यात. एरवी वाळूचा रुंद पट्टा, काठाला बाभळी, लांबवर माळ, त्यावर मेंढरांचा एखादा ठिपका. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. इथे हिरव्याच्या छटा थोड्या आणि मातीच्या पुष्कळ. माळावर लांबून येणारा माणूस आधी काळी काडी दिसतो, मग त्याला घोंगडं फुटतं, मग चाल ओळखू येते, चेहरा सगळ्यात शेवटी. माणसं चालीवरून ओळखायची ही सवय व्यंकटेश माडगूळकरांच्या गद्यात पुरती मुरली आहे. ‘माणदेशी माणसं’ 1949 साली आलं, ‘बनगरवाडी’ 1955 साली. माडगूळकर चित्रं काढत, विशेषतः प्राणी-पक्ष्यांची रेखाटनं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यांच्या वाक्यांच्या आखूडपणाचा उगम कळायला मदत होते. थोड्या रेघांत देह उभा करायचा आणि उरलेला कागद तसाच ठेवायचा, हे त्यांनी दोन्हीकडे केलं. अमेरिकेत चित्रकार जॉर्जिया ओकीफ 1929 सालापासून न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात काम करायला जाऊ लागली, आणि माळावर पडलेली जनावरांची हाडं गोळा करून तिनं न्यूयॉर्कला नेली आणि ती रंगवली. तिला ती हाडं मरणाची खूण वाटत नव्हती; त्या मुलखाचा आकार वाटत होती. आपल्या दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यानं तिची चित्रं जरूर पाहावीत. रंगवण्यासारखं इथे काही नाही, ही समजूत त्यानं पुष्कळ सैल होईल.

पण दुष्काळानं कला दिली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दुष्काळानं इथली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पांगवली, ऊसतोडीला लावली, मुलांच्या हातातलं दप्तर सोडवलं. त्यात किती हात चित्राविना गेले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. कोरडा मुलूख नजर घडवू शकतो. ती नजर कागदापर्यंत पोचायला पोटाला अन्न आणि दिवसाला रिकामा वेळ लागतो.

साधनाचं प्रकरण याच ठिकाणी सुरू होतं. अजिंठ्याच्या चित्रकारांनी बेसॉल्टच्या खरबरीत भिंतीवर माती, भुसा, तंतू यांचा गिलावा चढवला, वर चुन्याचा पातळ थर दिला आणि आसपासच्या मातीतले तांबडे, पिवळे, हिरवट रंग वापरले. गडद निळा मात्र दूरच्या बदख्शानातून येणाऱ्या लाजवर्दाचा. तो जिथे दिसतो तिथे चित्राला पैसा आणि व्यापार यांचा आधार होता, हे त्या निळ्यानंच सांगितलेलं असतं. आपल्या घोंगडीचं उदाहरण त्याहून जवळचं. मेंढरांच्या नैसर्गिक काळ्या, पांढऱ्या, तपकिरी लोकरीपलीकडे विणणाऱ्या सणगराकडे रंग नाही. लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, खड्ड्याच्या मागावर पट्टी विणायची आणि काठाला दोन-तीन रेघा सोडायच्या. तेवढ्या रेघांच्या जाडीत, अंतरात आणि मोजणीत त्याची सगळी निवड असते. ज्यानं चांगली घोंगडी हातात घेऊन काठ निरखला आहे, त्याला मर्यादित साधनांत काम करणं म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे यांची चित्रं महाराष्ट्रभर पोचली आहेत. मुंबईत जे. जे. कलाशाळेत प्रवेश मिळूनही परिस्थितीमुळे त्यांना शिक्षण सोडावं लागलं. त्यांचं साधन म्हणजे काळा कागद आणि रंगीत पेन्सिली. एवढ्या निवडीचा परिणाम नीट समजून घ्यावा. पांढऱ्या कागदावर काम करणारा चित्रकार प्रकाश राखून ठेवतो आणि सावली भरत जातो. काळ्या कागदावर अंधार आधीच आहे. तिथे चित्रकार फक्त उजेड आणतो. त्यामुळे चौकटीत बसलेल्या बाईच्या लुगड्याची एक चुणी, कानातल्या फुलाची कड, गालावरून घरंगळलेला उजेड यांना वजन येतं आणि बाकीचं घर अंधारातच राहतं. सोलापूरकडच्या जुन्या घरांत दुपारी उजेड असाच येतो. साधनानं इथे विषयाला उत्तर दिलेलं आहे. आधी कोणतं सुचलं, कागद की बाई, असा प्रश्न विचारून फारसं हाती लागत नाही. दोन्ही एकमेकांना घडवत पुढे जातात.

मग येतो काम मागणारा. हा माणूस कलेच्या इतिहासात कोपऱ्यात ढकलला जातो, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. आटपाडी ज्या औंध संस्थानात मोडायची त्याचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत. त्यांनी चित्ररामायण केलं आणि 1938 साली औंधच्या टेकडीवर श्री भवानी संग्रहालय उभं केलं. आजही तिथे रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या माता-बालकाच्या दगडी शिल्पापर्यंतचा ऐवज एका छपराखाली आहे. कोल्हापूरला चित्रकार आबालाल रहिमान यांच्या पाठीशी शाहू महाराज होते, तर तिथलेच बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले आणि कॅमेरा स्वतः तयार करण्यापर्यंत गेले. आबालालांच्या निसर्गचित्रातली शांतता आणि बाबूरावांच्या पडद्यावरची भव्यता यांत स्वभावाचा फरक आहेच; पण एकाला एकटं सोडणारा आश्रयदाता होता आणि दुसऱ्यासमोर तिकीट काढून बसलेला प्रेक्षक होता, हा फरकही तितकाच खरा.

प्रेरणा कशी हातोहात फिरते, हे पाहायचं तर याच परिसरातली एक साखळी सांगायला हवी. ही मला फार प्रिय आहे. औंध संस्थानानं 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरची ही कल्पना. कैद्यांनी भिंतीविना राहायचं, शेती करायची, विश्वासावर जगायचं. माणदेशचेच ग. दि. माडगूळकर यांनी या वसाहतीवरून कथा लिहिली आणि बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेल्या व्ही. शांताराम यांनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा काळा-पांढरा चित्रपट केला. पुढल्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रीकरणात बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात शांताराम यांच्या डोळ्याला जबर इजा झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावं लागलं. नजर परत येते की नाही याची शंका होती. त्या काळोखात आपल्याला रंग दिसू लागले, असं त्यांनी नंतर सांगितलं, आणि दृष्टी परतल्यावर 1959 साली रंगांनी ओसंडणारा ‘नवरंग’ केला. चित्रपटाच्या सुरुवातीला ते स्वतः पडद्यावर येऊन ही हकिगत सांगतात.

एक राजा, एक परदेशी इंजिनिअर, एक कवी, एक दिग्दर्शक आणि एक बैल. यात प्रेरणा नेमकी कुणाची? ‘नवरंग’चे रंग एका अपघातातून आले असं म्हटलं तर ते अर्धवट ठरेल, कारण तसा अपघात दुसऱ्या कुणाला झाला असता तर त्यातून चित्रपट निघाला नसता. शांताराम त्याआधीची तीस-पस्तीस वर्षं प्रकाश, सावली, चौकट आणि नेपथ्य यांतच जगत होते. डोळे मिटल्यावर जे दिसलं ते त्या वर्षांनी साठवलेलं होतं. विरजण पडायला दूध आधी तापलेलं असावं लागतं, तसं हे.

मागणारा बदलला की चित्र बदलतं, याचं वारली चित्र हे मोठं उदाहरण. लग्नघरच्या भिंतीवर सवाष्णींनी लिहायचा चौक विधीचा भाग होता आणि विधी आटोपला की त्याचं काम संपायचं. 1970च्या दशकात वीव्हर्स सर्व्हिस सेंटरचे भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर कागद घेऊन पोचले. म्हसे यांनी लग्नाची वाट न पाहता रोज चित्रं काढायला घेतली. कागद आला तसं चित्र हलतं झालं, पाड्याबाहेर गेलं, त्यात गोष्टी, शेतं, गाड्या शिरल्या. आणि जो मान पूर्वी बायकांच्या हाताला होता तो बराचसा पुरुषांच्या नावावर जमा झाला. या शेवटच्या गोष्टीबद्दल आपल्याकडे पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

मागणारा बदलल्यानं काम कसं बदलतं, हे तालुक्याच्या गावातही डोळ्यांदेखत घडलं आहे. प्रत्येक गावात एक ‘पेंटर’ असायचा. दुकानाची पाटी, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, तालमीतला मारुती, शाळेतली सुविचारांची चौकट ही सगळी त्याची. ‘क’ची गाठ कशी मारायची आणि ‘श’ला किती पोट द्यायचं यावरून हात ओळखता यायचा. फ्लेक्स आले आणि ही कामं थोड्या वर्षांत गेली. कुणी शाळेत कलाशिक्षक झाला, कुणी मूर्ती रंगवू लागला, कुणी ब्रश ठेवून दिला. कलेचा इतिहास सांगताना आपण मोठी नावं घेतो; पण गावातल्या मुलानं मोठ्या मापाचं चित्र अंगानं कसं काढतात हे आधी पाहिलं ते या पेंटरच्या शिडीखाली उभं राहून. मुंबई शेअर बाजाराच्या आवारातला ब्राँझचा बैल घडवणारे भगवान रामपुरे सोलापूरचे. अशा माणसांमागे त्या-त्या शहरातल्या किती अनाम कारागिरांचं पाठबळ असतं, याचा शोध अजून घेतला जायचा आहे.

गाव अजिबात न दिसणाऱ्या चित्रांचं काय, असा प्रश्न रास्त आहे. वासुदेव गायतोंडे 1924 साली नागपूरला जन्मले. त्यांच्या कॅनव्हासमध्ये ना नागपूर, ना मुंबई, ना दिल्ली. ते तासन्‌तास काही न करता बसून राहत, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, रोलरनं आणि पॅलेट नाइफनं रंगांचे थर चढवत व खरवडत. झेन विचाराचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यांच्या बाबतीत थांबणं हाच कामाचा मोठा भाग होता. माझ्या चौघांच्या हिशेबात ते नीट बसत नाहीत, हे मान्य करायला हवं. त्यांच्यासाठी साधन आणि वेळ यांचीच भाषा अधिक चालते. उलट टोकाला सुधीर पटवर्धन : ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करता करता त्यांनी लोकलमधली, कारखान्याबाहेरची, उपनगरातली माणसं रंगवली. माणसांचं शरीर रोज आतून पाहणाऱ्या डॉक्टरनं तीच माणसं बाहेरून इतक्या जबाबदारीनं पाहावीत, यात मला योगायोग दिसत नाही. या दोघांना एकाच नियमात कोंबू नये. विषयाचं मोठेपण त्यात आहे की तो दोघांनाही जागा देतो.

नव्यानं येणाऱ्यानं सुरुवात कुठून करावी? वाचायचं तर बरव्यांच्या पुस्तकाबरोबर प्रभाकर कोलते यांचं ‘कलेपासून कलेकडे’ आणि बाबूराव सडवेलकरांचं ‘वर्तमान चित्रसूत्र’ घ्यावं. चरित्रांसाठी शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड जवळ ठेवावा. पण वाचनाआधी पाहणं. सांगोल्याहून सकाळी निघून औंधचं संग्रहालय बघून रात्री घरी येता येतं. तिथे एका दिवसात सगळी दालनं उरकू नयेत. एक चित्र निवडावं, त्याच्यापुढे अर्धा तास उभं राहावं आणि चित्रकारानं शेवटचा रंग कुठे लावला असेल याचा अंदाज करावा. हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधताना चित्राची सारी बांधणी उलगडत जाते.

आणि एक काम सांगोल्याच्या, मंगळवेढ्याच्या, आटपाडी-जतच्या वाचकांनीच करण्यासारखं आहे. मुंबई-पुण्याचा अभ्यासक ते करू शकणार नाही. तुमच्या गावात जुना पेंटर असेल, खड्ड्याच्या मागावर बसणारा सणगर असेल, बेंदराचे मातीचे बैल करणारी कुंभारीण असेल, वाकळेचे तुकडे जुळवणारी आजी असेल, शिंगं साळणारा हातखंडा म्हातारा असेल. त्यांच्यापाशी बसा. हे कुणाकडून शिकलात, पहिलं काम कुणी सांगितलं, कोणता रंग आता मिळत नाही, चुकलं तर काय करता, आणि जमलं हे कशावरून कळतं, एवढे पाच प्रश्न विचारा. मोबाइलवर त्यांचा आवाज आणि काम करतानाचे हात टिपून ठेवा, त्यांची परवानगी घेऊन नाव आणि तारीख लिहा, एक प्रत त्यांच्या घरी द्या आणि एक गावच्या वाचनालयात. या माणसांतली बरीचशी सत्तरी ओलांडलेली आहेत. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.